मंडप भरला की इन-इयरचा आवाज तुटतो. यूएचएफ घ्यावं का?

कोमल_निषाद: आमचा भावगीत-लोकगीतांचा वाद्यवृंद. दोन गायक, कीबोर्ड, तबला, ढोलकी. स्टेजवरच्या मॉनिटरच्या (आमचाच आवाज आम्हाला ऐकवणाऱ्या स्पीकरच्या) शिट्ट्यांना कंटाळून २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस इन-इयर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, घेतले. तालमीला झकास चालले. गणपतीत मंडप भरला आणि ऐन अंतऱ्यात गायिकेच्या कानातलं सगळं गायब! आता पाचही जणांना यूएचएफ (काही शे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे सेट) घ्यावं का?

मॉनिटरवाला: फरक गर्दीचा आहे. वाय-फाय, ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात. माणसं आली की त्यांचे मोबाइलही आले. शिवाय तुमच्यासारख्या डिजिटल सेटमध्ये आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो. वादकाचं त्याने फारसं अडत नाही, पण गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून आधीच पोचलेला असतो. त्यावर उशिराचा आवाज बसला की गळा पोकळ वाटतो. दोन्ही गायकांना अॅनालॉग यूएचएफच घ्या, त्यात हा उशीर नसतो.

तबला, ढोलकी, कीबोर्ड मात्र जागचे हलत नाहीत. त्यांना हेडफोन अँप (इयरफोनला आवाज पुरवणारा छोटा अँप्लिफायर) आणि लांब वायर द्या. वायर कधी तुटक ऐकवत नाही, सेलही संपत नाहीत. वाचलेले पैसे नीट बसणाऱ्या इयरफोनवर घाला, तिथे काटकसर नको.

सावनी_गाते: ती गायिका मीच. दोन्ही कान बंद झाले की प्रेक्षक लांब गेल्यासारखे वाटतात, म्हणून मी एक काढूनच गाते.

मॉनिटरवाला: ताई, कृपा करून हे सोडा. उघड्या कानात ढोलकी घुसते, मग बंद कानात आवाज वाढवत जावं लागतं. ८५ डेसिबल ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. तुमचा कार्यक्रम तीन तासांचा! स्टेजच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांकडे तोंड करून माइक लावायला सांगा, ते फक्त कानातल्या मिक्समध्ये घ्यायचे. टाळ्या परत येतील. तानपुरा थोडा एका बाजूला सरकवा, तुमचा आवाज मधोमध. लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) चालू हवाच.

कोमल_निषाद: दोन सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर चालतील?

मॉनिटरवाला: तुमचे वायरलेस माइकही त्यात धरा. ५१०.० आणि ५१०.५ मेगाहर्ट्झ लावले की दोघांच्या मिसळीतून ५०९.५ आणि ५११.० वर कचरा तयार होतो. तिथे माइक असला तर मेलाच. म्हणून अंतरं समान ठेवू नका. सेटमध्ये एकमेकांना त्रास न देणाऱ्या चॅनलचे आधीच आखून दिलेले ग्रुप असतात, सगळे चॅनल एकाच ग्रुपमधले घ्या. ट्रान्समीटर (इन-इयरला आवाज पाठवणारा डबा) गायकांना दिसेल असा उंचावर, एलईडी वॉलपासून दूर, आणि माइकच्या रिसीव्हरला चिकटून तर अजिबात नको.