गॅस हायड्रेट: दहा नळ्या, दहा वेगळ्या वेळा. चुकतंय कुठे?

हर्णैची_पोर
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट गॅस हायड्रेटचा, म्हणजे पाण्याच्या रेणूंचा पिंजरा आणि आत अडकलेला गॅस, दिसायला बर्फच. २००६ साली जॉयडेस रेझोल्यूशन जहाजाने केरळ-कोकण खोऱ्यातही ड्रिलिंग केलं होतं, तिथे काही मिळालं नाही, कृष्णा-गोदावरीत मात्र चांगला जाड थर मिळाला, हे वाचल्यापासून विषय डोक्यात बसलाय.
मिथेनला ४ अंशाला जवळपास ४० बार दाब लागतो, तेवढं कॉलेजात नाही, म्हणून टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, एक द्रव रसायन) घेतलं. ते साध्या हवेच्या दाबाला साधारण ४.४ अंशाखाली हायड्रेट करतं, पाण्यात वजनाने १९ टक्के. दहा काचेच्या नळ्या, प्रत्येकी १० मिली, बाथ उणे २ अंशावर, आणि घड्याळ लावून बसले. गोठायला लागलेली मिनिटं: ७, १९, २६, ४८, ७१, १०३, १६५, २४०. उरलेल्या दोन ६ तासांत गोठल्याच नाहीत, शेवटची एसटी चुकली असती म्हणून बंद करून निघाले.
गाईड म्हणतात रीडिंग जुळत नाहीत, टोकाची काढ आणि सरासरी दे. तिसऱ्यांदा केलंय हो, दर वेळी असंच. काय करू?

देवगडचा_बागायतदार
बाय, मी सायन्सवाला नाही पण एक सांगतो. एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले आंबे आढीत घातले तरी एकाच दिवशी तयार होत नाहीत. आम्ही रोज सकाळी पेंढा बाजूला करून बघतो, किती झाले, किती हिरवे राहिले. तूही किती राहिल्या ते मोज की.

खाडीपलीकडे
काकांचं "किती राहिल्या ते मोज" एकदम बरोबर, त्यालाच सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात. फक्त आंबा रोज थोडा थोडा पिकत जातो, आठव्या दिवशीचा आंबा पहिल्या दिवसापेक्षा तयार असतो. नळीचं तसं नाही, तिचं गरवायला बसल्यासारखं आहे. दोन तास गरी टाकून बसलात म्हणून पुढच्या पाच मिनिटांत मासा लागण्याची शक्यता वाढत नाही, ती तेवढीच राहते. न्यूक्लिएशन, म्हणजे स्फटिकाचं पहिलं बीज धरणं, असंच असतं, तापमान स्थिर असेल तर दर मिनिटाला ठरावीक शक्यता, आणि अशा गोष्टीत वेळांचा पसारा सरासरीइतकाच मोठा असतो हे गणितातूनच येतं. म्हणजे ७ आणि २४० एकाच प्रयोगात येणं ही तुझी चूक नाही ताई, तेच तर मोजायचंय. टोकाची काढलीस तर प्रोजेक्टचा जीवच काढलास.
आता त्या दोन न गोठलेल्या नळ्या. त्या सोडून आठांची सरासरी काढलीस तर ६७९ भागिले ८, साधारण ८५ मिनिटं. पण त्या दोघींनी ३६०-३६० मिनिटं तग धरला ही पण माहितीच आहे ना! तर सगळ्या नळ्यांनी न गोठता काढलेला एकूण वेळ घे, ६७९ अधिक ७२०, म्हणजे १३९९ मिनिटं, आणि तेवढ्यात घटना ८. दर मिनिटाला ०.००५७, म्हणजे सरासरी १७५ मिनिटं. ८५ कुठे आणि १७५ कुठे, सरळ दुप्पट फरक, आणि तोही फक्त दोन नळ्या वहीतून गाळल्यामुळे.
पण ८ घटनांवर अनिश्चितता साधारण ३५ टक्के राहते, १०० घटना झाल्या तर १० टक्के. म्हणून दहा नळ्या एकेकदा करण्यापेक्षा त्याच नळ्या पुन्हा पुन्हा वितळवून गोठव आणि प्रत्येक नळीचा हिशोब वेगळा ठेव. कारण बीज बहुतेक वेळा काचेवरच्या एखाद्या ओरखड्याशी नाहीतर कचऱ्याशी धरतं आणि प्रत्येक नळीची काच वेगळी. न गोठता उरलेल्या नळ्यांच्या संख्येचा लॉग (लॉगॅरिदम) काढून वेळेसमोर मांड. सरळ रेघ आली तर नळ्या सारख्या, सुरुवातीला तीव्र उतार आणि मग सपाट होत गेली तर चपळ आणि आळशी नळ्या एकत्र मिसळल्यात.

हर्णैची_पोर
दादा, खरंच डोळ्यात पाणी आलं वाचून, तीन महिने मला वाटत होतं माझाच हात वाईट आहे. ओरखड्याचं तर मी बघितलंय, चार नंबरच्या नळीत दर वेळी एकाच जागी, तळापासून बोटभर वर, पांढरा ठिपका येतो आणि बघता बघता दूध सांडल्यासारखं सगळं पांढरं होतं, थर्मामीटर टुणकन वर. पण मध्येच लाईट गेली तर? पाऊस सुरू झाला की इथे रोजचंच आहे.

दाबमापक
लाईट गेली त्या मिनिटापर्यंतचा वेळ "न गोठलेला" म्हणून धरायचा, बाथ तापायला लागायच्या आधीचा. रन फेकायचा नाही.
माझ्याकडून दोन गोष्टी. शून्य मिनिट म्हणजे नळी बुडवली तो क्षण नाही, आतलं द्रावण उणे २ ला पोचलं तो, म्हणून एका नळीत प्रोब टाकून तो उशीर आधी मोजून घे. आणि वितळवणं दर वेळी अगदी सारखं हवं, तेवढंच तापमान, तेवढेच तास, कारण नुकतंच वितळलेलं हायड्रेट पुन्हा लवकर धरतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. वेळा फेरीच्या क्रमाने पण मांडून बघ, कमी कमी होत गेल्या तर तिथे शंका घे. टीएचएफ उडून जातं, साध्या रबरी बुचाला ते खातं, टेफ्लॉन लावलेलं झाकण वापर आणि बर्नर जवळपास नको, फार पटकन पेटतं.
वेळ कमी असेल तर थांबत बसू नकोस, बाथ सावकाश थंड करत जा, मिनिटाला ०.१ अंश वगैरे, आणि कोणत्या तापमानाला गोठलं ते लिही. मग प्रत्येक अर्ध्या अंशाच्या पट्ट्यात किती गोठल्या, भागिले त्या पट्ट्यात सगळ्यांनी न गोठता काढलेला वेळ. मिथेनसारख्या गॅससाठी उच्च दाबाखाली हेच शेकडो वेळा आपोआप करणारं यंत्र माएदा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं होतं, तत्त्व तेच.

हर्णैची_पोर
सोमवारपासून चार नंबरची नळी एकटीच लावते, तीस फेऱ्या. १३९९ चा हिशोब आजच वहीत उतरवून गाईडना दाखवला, त्यांनी पेन घेऊन स्वतः पुन्हा भागाकार केला आणि म्हणाले, त्या दोन नळ्या ठेव.