गलबत १:४८ – नाळेकडे फळ्या उचलताहेत, पावसात दोर ताणताहेत

घाटमाथा_खानापूर

नमस्कार मंडळी. आंग्र्यांच्या काळातलं गलबत १:४८ प्रमाणात करायला घेतलंय. आधी माहिती देतो, मग अडचणी.

सांगाडा ४६० मिमी लांब, ११५ मिमी रुंद. मधला कणा आणि ११ बल्कहेड (कण्यावर बसणारे आडवे पडदे, ज्यांवर फळ्या टेकतात) ४ मिमी प्लायचे, बेळगावच्या उद्यमबागेत लेझरवर कापून घेतलेत. फळ्या सागाच्या, ६ मिमी रुंद आणि १.२ मिमी जाड, वखारीतल्या तुकड्यातून चिरलेल्या. फेविकॉल वापरतोय, अडेल तिथं सुपरग्लू.

पहिली अडचण नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची. वरच्या तीन फळ्या छान बसल्या. चौथीपासून फळी नाळेजवळ वळताना सपाट बसत नाही, खालची कड बल्कहेडपासून सुटते आणि फळी काठावर उभी राहते. दाबून चिकटवली की दुसऱ्या दिवशी सुटलेली असते. डाव्या बाजूला तर दोन फळ्यांमध्ये नख जाईल एवढी फट आहे.

दुसरी, दोरांची. डोलकाठी नुसती उभी करून सुती दोऱ्याचे तणावे बांधून बघितले. पावसाच्या दिवसांत ते एवढे ताणले की काठीचं टोक वाकलं, आणि ऊन पडलं की सैल.

तिसरी, शिडाची. बाहेरच्या किटच्या आराखड्यांत काठीच्या दोन्ही बाजूंना दोरांच्या शिड्या आणि तीन भोकांचे गोल ठोकळे दाखवतात. तेच गलबतावर चालेल का? वल्ही किती लावायची?

रंधा_पटाशी

नाळेचं आधी बघू. बाकी सगळं नंतर सुधारता येतं, सांगाडा वाकडा झाला तर येत नाही.

फळी काठावर उभी राहते याची कारणं दोन. एक, बल्कहेडच्या कडा तिरक्या घासलेल्या नाहीत. लेझरवरून आलेला बल्कहेड काटकोनात कापलेला असतो, पण नाळेकडे फळी तिरकी जाते, म्हणजे ती बल्कहेडच्या एकाच धारेवर टेकते. चार मिमीच्या जागी केसाएवढ्या रेषेवर गोंद धरणार कसा? शिवाय लेझरची कड जळून काळी झालेली असते, त्या काजळीवर गोंद नीट धरत नाही. पॉलिश पेपर ठोकळ्यावर गुंडाळा आणि दोन-तीन बल्कहेडवरून एकदम लांब हात फिरवा, एकेक सुटा घासू नका. नाळेकडच्या पहिल्या तिघांना आणि मागच्या दोघांना जास्त घासावं लागेल, मधल्यांना जवळजवळ नाही. मग १ मिमी जाड, ४ मिमी रुंद लवचिक पट्टी सांगाड्यावर वेगवेगळ्या उंचीला धरून बघा. प्रत्येक बल्कहेडवर ती पूर्ण रुंदीनं टेकली पाहिजे. खाली कागद सरकला तर अजून घासायचंय.

नाळ आणि पहिला बल्कहेड यांच्यामधली पोकळी मऊ लाकडानं भरा. पांगारा चांगला, सावंतवाडीची खेळणी करतात तोच. ठोकळे चिकटवून आकारात घासले की फळीला टेकायला सलग जागा मिळते आणि टाचणीही रुतते.

दुसरं कारण फळीच्या रुंदीत आहे. गलबताचा पोटाकडचा घेर मोठा, नाळेकडचा लहान. सहा मिमीची फळी तशीच पुढे नेली तर जास्तीच्या रुंदीला जागा नसते, म्हणून ती उचलते. प्रत्येक बल्कहेडवर वरच्या कडेपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी लावा, लांबी मोजा आणि फळ्यांच्या संख्येनं भागा. उत्तर येईल तेवढीच त्या जागी फळीची रुंदी. एक नियम पाळा, फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करायची नाही. ६ मिमीची फळी ३ मिमीपर्यंत निमुळती चालते, त्याखाली टोकाला टाचणी मारली की चिरते.

क्रम: वरून चार-पाच फळ्या, मग कण्यालगतची सगळ्यात खालची फळी, आणि शेवटची फट पोटाच्या वळणावर येऊ द्यायची. कण्यालगतची फळी नाळेकडे वर चढवायचा मोह आवरा. ती वर चढली की तिच्यावरच्या सगळ्या फळ्यांना उलटा बाक येतो, आणि बहुतेक मॉडेल तिथंच बिघडतात. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक लावायची. एका बाजूला पाच-सहा लावून ठेवल्या तर ४ मिमीचा प्लायचा कणा केळ्यासारखा वाकतो. आत्ताच दोरी ताणून कणा सरळ आहे का ते बघा. दोनेक मिमीचा बाक असेल तर बल्कहेडच्या मध्ये ठोकळे घालून, लोखंडी अँगलला आवळून सरळ करा आणि मगच पुढे जा.

सुटलेल्या फळ्या काढून टाका. फेविकॉलवर ओलं फडकं तासभर ठेवलं की सुटतील. सुपरग्लूची जागा मात्र पातळ पातीनं कापावी लागेल. सुपरग्लू लाकडात शिरला की त्या डागावर तेल किंवा पॉलिश चढत नाही, म्हणून दिसणाऱ्या फळ्यांना तो नकोच.

दांडेली_जोयडा

सागाबद्दल थोडं. खरं गलबत सागाचं असलं तरी मॉडेलला साग शोभत नाही. त्याचे रेषे ठसठशीत आणि छिद्रं मोठी, १:४८ ला ती छिद्रं बोटभर भोकांसारखी दिसतात. वर सागात तेल असतं, त्यामुळे गोंद धरत नाही. वापरायचाच असेल तर चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोननं पुसून घ्या.

त्याऐवजी हळदू बघा. पिवळसर, बारीक एकसारख्या रेषांचं, धारदार पटाशीनं कडा स्वच्छ निघतात. नंतर हलका तपकिरी रंग दिला की लांबून सागासारखं दिसतं. ठोकळ्यातून कोरायच्या वस्तूंना शिवणीचं लाकूड उत्तम. कप्प्या, मुठी असल्या बारीक कामाला काळा कुडा. चन्नपट्टणची पारंपरिक खेळणी त्याचीच असतात, लेथवर सुरेख चालतो.

फळी वळवायची रीत: १.२ मिमी हळदूला गरम पाण्यात १५-२० मिनिटं पुरतात. मग जागेवरच कपड्याच्या चिमट्यांनी आवळून रात्रभर ठेवायची, आणि सुकल्यावर चिकटवायची. ओली फळी आडवी फुगलेली असते. तशीच चिकटवली तर सुकताना आकसते आणि शेजारच्या फळीपासून फट पडते. तुमची नखाएवढी फट बहुधा तशीच आलीय.

आता हवामान. खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं. त्या दिवसांत लावलेल्या फळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आकसतात. माझं स्पष्ट मत असं, की पावसाळ्यात फळ्यांचं काम थांबवा. तोफा, वल्ही, नांगर, कप्प्या तेव्हा करा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळ्या घ्या.

रंधा_पटाशी

थांबायची गरज नाही, असं मला वाटतं. चिरलेल्या फळ्या आणि सांगाडा बंद कपाटात ठेवा, आत एक ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. लाकडाला बल्बची थेट आच लागता कामा नये, एवढंच पाळा. दोन-तीन आठवडे आधीपासून ठेवलं की फळ्या बऱ्याच स्थिर होतात. फळ्या लावून झाल्यावर, डेक झाकायच्या आधी, आतून चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात पातळ करून द्या. बाहेरून पॉलिश आणि आतून कोरं लाकूड असलं की ओल एकाच बाजूनं शिरते आणि फळी वाटीसारखी वाकते. आतला हात बहुतेक जण विसरतात.

शहापूरचा_धागा

दोरांचं मी सांगते.

तुमचा सुती दोरा बिघडलेला नाही, सूत असंच वागतं. ओल शिरली की धागे फुगतात, पिळलेला दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो. म्हणून काठी वाकली. वाळला की सैल. मेणानं ओल थोडी उशिरा शिरते, थांबत नाही. घाटमाथ्याच्या हवेला पॉलिएस्टरच बरा. चकाकणारा घेऊ नका, शिवणाचा मंद रंगाचा घ्या आणि स्वतः वळा.

तीन पदर घ्या. रिळावरच्या धाग्याला ज्या बाजूचा पीळ असेल, त्याच्या उलट बाजूनं दोर वळायचा, नाहीतर कापल्याबरोबर उलगडतो. लांबीचा साधारण चौथा हिस्सा वळणात जातो. २ मीटर दोर हवा तर पदर पावणेतीन मीटरचे घ्या. वळून झाल्यावर ताणलेलाच ठेवून हेअर ड्रायरची गरम हवा फिरवा, पॉलिएस्टरचा पीळ बसतो. सुताला ही युक्ती चालत नाही.

जाडी मोजायला पेन्सिलीवर २० वेढे एकमेकांना चिकटवून घ्या. २० वेढ्यांना १० मिमी जागा लागली तर दोर ०.५ मिमीचा, म्हणजे खऱ्या गलबतावर २४ मिमीचा. डोलकाठीच्या मुख्य दोराला ०.८ ते १.०, बाकीच्यांना ०.३ ते ०.५ पुरे.

रंग काळा नको. आपल्या किनाऱ्यावर काथ्याचे दोर, म्हणजे तपकिरीच. पॉलिएस्टर चहात बुडवून रंगत नाही, तेव्हा तपकिरी रीळच शोधा. गाठी सुटतात, म्हणून प्रत्येक गाठीवर पातळ केलेल्या कापडाच्या गोंदाचा सुईच्या टोकानं एक थेंब द्या.

शिडाला मात्र सूतच हवं. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकरांकडे बारीक सुताचा उरलेला तुकडा मागून बघा. जाड मांजरपाट घेतला तर शीड गोणपाटासारखं दिसतं. शिडाचे पट्टे मशीनवर शिवू नका. २ मिमीचा टाका म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ १० सेंटीमीटर. कठीण पेन्सिलीनं रेषा ओढा आणि फक्त कडेची दुमड हातानं शिवा.

सदाशिवगड

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. दोरांच्या शिड्या आणि तीन भोकांचे ठोकळे लावू नका. ते चौकोनी शिडांच्या युरोपीय जहाजांचं सामान. गलबताची तऱ्हाच वेगळी.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गलबत असं दिसतं: ७० टनांच्या आतलं, दोन डोलकाठ्या, मागची बारीक. मोठ्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. एवढं शीड दिशा बदलताना काठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं असतं. पक्के तणावे आणि शिड्या असत्या तर ते अडकलं असतं. म्हणून बाजूचे दोर कप्प्यांवरचे, सोडता-बांधता येणारे. प्रत्येक बाजूला दोन-तीन पुरेत आणि वाऱ्याच्या बाजूचेच ताणलेले दाखवा. डोलकाठी किंचित पुढे झुकलेली ठेवा.

शिडाची तिरकी काठी एका लाकडाची करू नका. दोन काठ्या मधोमध एकमेकींवर चढवून दोरानं आवळलेल्या असतात. मॉडेलवर हा जोड नीट केला तर बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. जोडावर पाच-सहा ठिकाणी वेगवेगळे वेढे द्या, सलग गुंडाळी नको.

वल्ही ४० ते ५० असायची. तुमच्या सांगाड्यावर ५० मावणार नाहीत. दोन वल्हेकऱ्यांत ९० सेंटीमीटर अंतर धरलं तर मॉडेलवर १८.७५ मिमी येतं. एका बाजूला २० वल्ही म्हणजे १९ अंतरं, ३५६ मिमी. ४६० मध्ये नाळ आणि पिछाडी सोडून हे बरोबर बसतं. तेव्हा ४०.

आणि एक गोष्ट सोडू नका. लहान गलबतांचा वरचा डेक वजन हलकं राहावं म्हणून चिरलेल्या बांबूचा असायचा. आपल्याकडे बांबूला काय कमी! बुरुडाकडून हिरवी साल काढलेल्या कामट्या आणा. सुरीनं कापू नका, रेषांवर चिरू द्या. मग पोलादी पट्टीत २ मिमीपासून ०.७ मिमीपर्यंत ०.१ च्या फरकानं भोकं पाडून त्यांतून एकामागून एक ओढा. सोनाराची तार ओढायची पट्टी असेल तर काडी मागच्या, म्हणजे अरुंद बाजूनं घाला. पुढून घातली तर बांबू तासला न जाता नुसता दाबला जातो आणि ओल लागताच फुगतो. ०.७ मिमी म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ साडेतीन सेंटीमीटरची कामटी. त्याच काड्या फळ्यांच्या लाकडी खिळ्यांनाही चालतात.

अशा बांबूच्या डेकवर मोठ्या तोफा ठेवू नका. तिथं फक्त काठावर फिरणाऱ्या छोट्या तोफा असत. १ मीटरची तोफ धरली तर मॉडेलवर २१ मिमी, पितळेची लेथवर करून घ्या. मोठ्या गलबतावर पक्का डेक आणि दोन ते चार पौंडी (तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) सहा-आठ तोफा असायच्या. दोन्हींपैकी एक निवडा, सरमिसळ नको.

तळाला तांब्याचे पत्रे नकोत, ते इंग्रजांच्या आरमारातसुद्धा नंतर सार्वत्रिक झाले. आपल्याकडे चुना आणि तेलाचा लेप. मळकट पांढरा रंग, पाण्याच्या रेषेवर किंचित हिरवट.

घाटमाथा_खानापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. फळ्या काढल्या, कडा घासल्या, हळदूच्या नव्या पट्ट्या चिरल्या. कागदानं घेर मोजला: मधल्या बल्कहेडवर ९६ मिमी, नाळेकडून क्र. २ वर ५२, क्र. १ वर ४४, पिछाडीला १०८. मध्ये १६ फळ्या बसतात, पण क्र. १ वर ४४ भागिले १६ म्हणजे २.७५ येतं. निम्म्याच्या खाली जातंय. आणि पिछाडीला उलट जागा उरते. काय करू?

रंधा_पटाशी

मापं चांगली घेतलीत. नाळेकडे १६ न नेता १४ न्या, ४४ भागिले १४ म्हणजे ३.१ मिमी, चालतं. त्यासाठी क्र. २ वर दोन ठिकाणी शेजारच्या दोन-दोन फळ्या थांबवा. तिथं प्रत्येकी ३.२५ मिमी रुंद आहेत, म्हणजे त्यांच्या पुढे ६.५ मिमीची एकच फळी सुरू होईल आणि निमुळती होत नाळेला जाईल. ६ मिमीच्या पट्टीतून ती निघणार नाही, आधीच ८ मिमीच्या चार पट्ट्या चिरून ठेवा, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. जोड बल्कहेडच्या मधोमध आला पाहिजे, हवेत नको. दोन्ही जोड पाण्याच्या रेषेखाली ठेवा, मध्ये किमान तीन फळ्या सोडा, आणि दोन्ही बाजूंना त्याच उंचीला.

पिछाडीला १२ मिमी जास्त आहे. फळ्या ताणून रुंद करू नका. दोन पाचरी घाला, शेवटी ६ मिमी रुंद आणि पुढे निमुळत्या होत दोन बल्कहेडच्या अंतरात संपणाऱ्या. पाचरीचं टोक सुईसारखं करू नका, २ मिमीवर बोथट कापा आणि शेजारच्या फळीत तेवढी खाच घ्या. आधी डावी बाजू कोरडी लावून बघा, चिमट्यांवर, गोंदाशिवाय. जमली की त्याच मापानं उजवीकडच्या फळ्या कापा आणि मगच गोंद काढा.