जुन्या फ्लॅटला आतून रंग द्यायचाय: खरवडून घ्यावा की वरूनच पुट्टी?

डोंबिवलीकर_मृण्मयी:
नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. भिंतींवर वर्षानुवर्षं डिस्टेंपरवर डिस्टेंपर चढत गेलाय. हॉलची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात खिडकीखाली फुगते आणि पोपडे निघतात. दिवाळीआधी घर रंगवायचंय. रंगारी म्हणतो, खरवडायची गरज नाही, वरून पुट्टी मारू आणि इमल्शनचे दोन हात देऊ. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि सासूबाईंना दमा आहे. काय करावं?

बदलापूर_रंगकाम:
ताई, माझा हाच व्यवसाय आहे. वरून पुट्टी अजिबात मारू देऊ नका. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीला धरायला प्लास्टर लागतं. डिस्टेंपरवर मारली की ती डिस्टेंपरला चिकटते, आणि डिस्टेंपर भिंत सोडतो. मग पुट्टीसकट सगळा पापुद्रा हातात येतो. ओला स्पंज भिंतीवर घासून बघा. स्पंजला रंग लागला तर तो थर काढावाच लागेल. भिंत पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडली की धूळही कमी उडते.

पण त्याआधी खिडकीखालचं पाणी कुठून येतंय ते शोधा. तीन जागा बघा: फ्रेम आणि भिंत यांच्यातली फट, खिडकीवरच्या छज्ज्याची भेग, आणि खिडकीखालच्या बाहेरच्या कट्ट्याचा उतार. उतार आतल्या बाजूला असेल तर पाणी कट्ट्यावर साचतं आणि भिंतीत मुरतं. हे बाहेरून दुरुस्त झाल्याशिवाय आतून कितीही महाग रंग लावा, पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेले. बाहेरच्या बाजूसाठी सोसायटीला लेखी अर्ज द्या.

पांढरी पिठासारखी पूड दिसत असेल तर तो लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून परत आत जातात.

क्रम असा: खरवडणं, भेगा व्ही आकारात उघडून भरणं, पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर, धूळ पुसणं, प्रायमर, मग रंग. बीम आणि विटेच्या जोडावर भेग असेल तर नुसती भरू नका, जाळीची पट्टी लावून घ्या. पेपर मारून झाल्यावर रात्री भिंतीला लागून टॉर्च तिरका धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीतले खड्डे आणि पत्र्याच्या रेघा लगेच दिसतात. त्या प्रायमरच्या आधीच दुरुस्त करून घ्या. इमल्शनखाली त्या आणखी उठून दिसतात.

नीलिमा_ठाणे:
क्रम पटला, पण सगळ्या भिंतींना पुट्टी कशाला? खरवडल्यावर प्लास्टर चांगलं निघालं तर बेडरूममध्ये डागडुजी, प्रायमर आणि मॅट रंग पुरे होतो. मॅटमध्ये बारीक उंचसखलपणा लपतो. तकतकीत रंग मात्र प्रत्येक खड्डा दाखवतो. स्वयंपाकघरात तेवढा पुसता येणारा सॅटिन घ्या.

बदलापूर_रंगकाम:
मान्य. बजेट कमी असेल तर असंच करावं.

अनघा_पुणे:
घरात लहान मूल आहे म्हणून लिहिते. दारं, ग्रिल, चौकटी यांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ती धूळ मुलांच्या हातातून तोंडात जाते. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा. घासकामाच्या दिवसांत मुलगी आणि सासूबाई दुसरीकडे राहिल्या तर फारच बरं. रंग घेताना लो व्हीओसी, म्हणजे हवेत रसायनांच्या वाफा कमी सोडणारा, मागा, आणि रंग झाल्यावरही काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

डोंबिवलीकर_मृण्मयी:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोसायटीकडे अर्ज दिला. पण कट्ट्याचं काम दिवाळीआधी होईल असं वाटत नाही. भिंत तर हाताला कोरडी लागते. मग रंगवून टाकावी का?

बदलापूर_रंगकाम:
हातावर जाऊ नका. फूटभर प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतच आहे.

डोंबिवलीकर_मृण्मयी:
दादा, थेंब आले. प्लास्टिकखाली भिंतीचा रंगही गडद झालाय.

बदलापूर_रंगकाम:
मग बाकीचं घर दिवाळीआधी करून घ्या आणि ती भिंत खरवडून उघडी ठेवा. पुट्टी नको, प्रायमरही नको, सोफा हातभर लांब सरकवा. कट्टा झाला की भिंत सुकू द्या. पुन्हा प्लास्टिक लावून बघा आणि ते आतून कोरडं निघालं की मगच रंगाऱ्याला बोलवा. हॉलच्या शेडचा कोड आत्ताच लिहून ठेवा. डबा नंतर घेतलात तर छटेत थोडा फरक पडू शकतो, म्हणून ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच डब्याने रंगवायची. कोटेशनमध्ये खरवडणं, पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे हात वेगवेगळे लिहून घ्या, आणि या भिंतीचे पैसे त्यातून आत्ताच वजा करायला सांगा.