कथेतलं वाक्य तोडायचं कुणी?

चोडणकर
"लघुकथेत एका वाक्यात एकच क्रियापद. जो-तो, जेव्हा-तेव्हा निबंधात शोभतं," असा फतवा काल इथे एका परीक्षकबाबांनी काढला. माझ्या कथेवर एका दिवाळी अंकात हाच नियम चालवला गेलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ वाक्य: "फेरीबोट धक्क्याला लागायच्या आधीच ज्यांना घाई होती त्यांनी स्कूटर सुरू केल्या, पण रॅम्प खाली येईना म्हणून सगळेच धुरात उभे राहिले." छापून आलं: "फेरीबोट धक्क्याला लागत होती. लोकांना घाई होती. त्यांनी स्कूटर सुरू केल्या. रॅम्प खाली आला नाही. सगळे धुरात उभे राहिले."

घाई कुणाला होती? मी लिहिलं तेव्हा काहींना, छापलं तेव्हा अख्ख्या बोटीला. कठड्याला टेकून गप्प उभी असलेली, दुसऱ्याचा धूर खाणारी माणसं कथेतूनच उतरवली की हो! कथा त्यांचीच होती.

लाल पेन
फतवा माझाच. स्पर्धेच्या कथा तपासायला बसा, मग बोला. परवाच वाचलं: "दार उघडून, शेपूट हलवून, सगळीकडे नजर टाकून मांजर आत आलं." दार आजीने उघडलं होतं, हे पुढच्या पानावर कळतं! 'उघडून', 'हलवून' अशी '-ऊन'वाल्या क्रियापदांची माळ ओवत गेलं की कर्ता कोण याचं भान सुटतं. आणि आपल्याकडे गोव्यात ही माळ कोंकणीच्या वळणाने येते, हेही बोलून टाकतो.

म्हापसेकर
झालं, कोंकणीवर घसरलात! महानुभाव पंथाचं तेराव्या शतकातलं मराठी गद्य उघडा, पानोपानी 'येऊनि', 'जाऊनि' दिसेल. ते काय म्हापशाच्या बाजारात लिहिलं? १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीला वापराची मुभा राहिली. तेव्हापासून इथे मराठीत लिहिणारा दोन्हीकडून मार खातो. एक म्हणतो ही तुझी भाषा नव्हे, दुसरा म्हणतो ही मराठीच नव्हे.

आगशीची वांगी
मी दोन्ही भाषांत लिहिते. माझ्या कथेतली काकू म्हणते, "तो येतो म्हणून सांगून गेला." मुद्रितशोधकाने केलं, "तो सांगून गेला की तो येईल." काकू एकदम आकाशवाणीवर बातम्या देऊ लागली.

लाल पेन
संवादांबद्दल मी बोललोच नव्हतो, निवेदनाचं चाललंय. आणि प्रत्येक वादात राजभाषा आणायची ही काय खोड?

म्हापसेकर
'कोंकणीचं वळण' कुणी लिहिलं मरे? मी?

चोडणकर
भांडा सावकाश. मांजराचं मान्य, ते वाक्य भिकारच आहे. पण तिथे आजी गाळली म्हणून घोळ झाला. "आजीने दार उघडलं तसं मांजर आत आलं." क्रियापदं दोन. कुठे अडखळलात?

लाल पेन
नाही अडखळलो. ठेवा तुमचं 'तसं', बोटीवरचं 'ज्यांना'ही ठेवा. पुढच्या वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस त्या दोघांनाच देतो.

म्हापसेकर
कोंकणीचं उत्तर अजून आलेलं नाही.