वाचता वाचता अचानक सापडलेल्या भाषेच्या गोष्टी : तुमचेही अनुभव लिहा

आजोळची_वाट
काल पुरवणीत कोर्लईबद्दल चार ओळी वाचल्या आणि हातातला चहा निवून गेला. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत रेवदंड्याला आजोळी जायचो. खाडीपलीकडच्या कोर्लई गावातून एक मावशी पाटी घेऊन यायच्या. वांगी, मुळा, लाल माठाच्या ओल्या जुड्या. आजीशी आपलं नेहमीचं मराठी, पण लेक सोबत असली की तिच्याशी भलतंच काही बोलायच्या. एकदा विचारलं, मावशी ही कुठली भाषा? म्हणाल्या, "नॉ लिंग." मला वाटलं, ते भाषेचं नाव. काल कळलं, त्याचा अर्थच "आपली भाषा"! पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, भाषा मात्र त्या गावातल्या ख्रिस्ती घरांत राहिली. बोलणारे जेमतेम हजारभर. मावशींनी तेव्हाच सांगितलं होतं, मला कळायला चाळीस वर्षं लागली.
तुम्हाला असं काही सापडलंय का?

विटकरी
अंगावर काटा आला. माझे बाबा गवंडीकाम करायचे. घमेलं, मेस्त्री, पगार हे तीन शब्द घरात रोज. तिन्ही पोर्तुगीज निघाले! बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, घमेलं आमचंच आहे, खांदा माझा झिजलाय.

सुगरण७
बाबा बरोबर बोलले 🙏 अजून कामावर जातात?

विटकरी
नाही ताई, गुडघे गेले. आता नातवाला खेळवतात.

सुगरण७
निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्या, माझ्या सासूबाईंना आराम पडला. आणि हो, काजू आणि अननस ही नावं थेट ब्राझीलच्या तुपी लोकांची, पोर्तुगिजांच्या जहाजातून आपल्याकडे आली. सोलकढीत काजू वाटताना हेच डोक्यात होतं.

मीनाक्षी_अलिबाग
सोलकढीत काजू??

सुगरण७
पाहुणे आले की घालते, दाट होते 😊

सातपुडा
मी जळगाव जामोदची. आमच्या तालुक्यात निहाली बोलतात आणि जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, हे मला पुण्यात नोकरीला आल्यावर एका मासिकात कळलं. शेजारच्या कोरकूशीही नाही. बोलणारे दोनेक हजार. चौथीत माझ्या बाकावर निहाली बोलणाऱ्या वस्तीतली मुलगी होती. बोलताना अडायची. बाईंसकट आम्ही सगळे तिला "नीट बोल" म्हणायचो. मग ती बोलायचीच बंद झाली. बाकावर नखाने रेघा ओढत बसायची. मासिक मिटून ठेवलं आणि रडले.

आजोळची_वाट
सातपुडा, नका लावून घेऊ. चौथीतल्या पोरीला कोण सांगणार होतं?

मीनाक्षी_अलिबाग
आजोबा शेजारच्यांना "शनिवार तेली" म्हणायचे, मला ते आडनाव वाटायचं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू होते ते. शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून ते नाव. हे मला लग्नानंतर एका लेखात कळलं. त्यांच्याकडचा मालिदा अजून जिभेवर आहे. गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. मुलं सगळी इस्रायलला गेली, पण काकू पत्र मराठीतच लिहायच्या.

प्रवासी_पक्षी
वाचन भिंतीवरचं चालेल ना? तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. तमिळ मुलुखात भिंतभर मराठी! उन्हात पाय भाजत होते तरी हलवेना.

विटकरी
दगडावर एवढं कोरायचं म्हणजे पाथरवटांचे हात काय असतील. बाबांना फोटो दाखवायचाय, असेल तर टाका.

प्रवासी_पक्षी
रात्री टाकतो.

सातपुडा
आईला फोन केला होता. ती मैत्रीण तिथेच आहे, अंगणवाडीत मदतनीस. दिवाळीत जातेय, भेटणार आहे. पोळ्या राहिल्यात, नंतर लिहिते.