पुस्तक जिवापाड आवडतं, लेखक मनातून उतरला... तुमचे अनुभव?

नौपाडेकरीण:
काल कपाट आवरताना बाबांचा एक कथासंग्रह हातात आला. पाठपुठ्ठा निखळलेला, आत खुणेला लोकलच्या पासाचा तुकडा. आणि तो दिवस जसाच्या तसा आठवला.

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. त्यानंतर ते पहिल्यांदा घराबाहेर पडले ते या लेखकाला ऐकायला, ठाण्याच्या गडकरी रंगायतनला. कार्यक्रम संपल्यावर सहीसाठी ओळीत उभे राहिले, काठी टेकत. मी म्हटलं मी घेऊन येते सही, तर ऐकेनात. नंबर आला. लेखकाने पुस्तक हातातही घेतलं नाही. "असली फाटकी प्रत घेऊन येता? बाहेर नवी आवृत्ती आहे, ती घ्या." बाबांना तेव्हा बोलायला वेळ लागायचा. ते शब्द जुळवेपर्यंत तो माणूस मागच्या बाईंशी बोलायला लागला होता.

येताना तलावपाळीला बसलो. बाबा बऱ्याच वेळाने म्हणाले, "दमला असेल गं." आणि रात्री तोच संग्रह उघडून बसले.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. काल त्यातली त्यांची आवडती कथा उभ्याउभ्या वाचली आणि खूप रडले. कथा तेवढीच सुंदर आहे. राग पण तेवढाच आहे. असं कुणाचं होतं का?

ऐरोलीकर:
"दमला असेल गं"... पोटात तुटलं ताई. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, घरी पोचून लिहितो.

मनीमाऊ:
कोण हो? आद्याक्षर तरी?

नौपाडेकरीण:
नाव नको. बाबांना आवडलं नसतं.

जास्वंद:
माझ्यासाठी टॉलस्टॉय. त्याच्या बायकोने, सोफियाने 'युद्ध आणि शांती'चे खर्डे पुन्हा पुन्हा हाताने उतरवून काढले, वर तेरा बाळंतपणं. १९१० साली ८२ व्या वर्षी हा माणूस रात्रीचा घर सोडून निघाला आणि अस्तापोवो स्टेशनात आजारी पडला. ती धावत गेली, तर त्याची शुद्ध हरपेपर्यंत तिला आत सोडलं नाही. माझ्या सासूबाई सासऱ्यांची नाटकं अशाच रात्री जागून उतरवायच्या, एकावरही त्यांचं नाव नाही. मी त्या वह्या जपून ठेवल्यात. बाकी नंतर, कुकर झाला.

साधी आई:
कॅनडाची कथालेखिका अ‍ॅलिस मन्रो. आई-मुलीचं नातं तिच्याकडून शिकले असं मी सगळ्यांना सांगायचे. २०१३ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा घरी शिरा केला होता. मे २०२४ मध्ये ती गेली आणि जुलैत तिच्या मुलीने लिहिलं, की ती नऊ वर्षांची असताना सावत्र वडिलांनी तिच्यावर अत्याचार केले. मोठेपणी पत्र लिहून आईला सांगितलं, तरी आई त्याच्याजवळच राहिली. २००५ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यानंतरही.
माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या शेजारी बसून ती पुस्तकं वाचणं मला जमेना. टाकवत नाहीत, म्हणून माळ्यावर ठेवलीत.

नौपाडेकरीण:
@साधी आई, हे माझ्या दुखण्यापेक्षा फार मोठं आहे. काय बोलू कळत नाही.

वाशीचा वाचक:
नॉर्वेचा लेखक क्नूट हॅम्सन. १९२० चं नोबेल. ते पदक त्याने १९४३ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला पाठवलं. हिटलर मेल्यावर त्याच्यावर गौरवाचा मृत्युलेख लिहिला. पण त्याची 'भूक' कादंबरी मी नोकरी गेली तेव्हा वाचली. सानपाड्याच्या खोलीत, दोन वेळच्या जेवणाची चिंता असताना. त्या दिवसांत मला कुणी समजून घेतलं असेल तर त्या पुस्तकाने. त्याबद्दल मी कृतघ्न होऊ शकत नाही.

मनीमाऊ:
आमच्या आईने १९९० मध्ये 'आहे मनोहर तरी' वाचलं आणि पुलंच्या कॅसेटी महिनाभर बंद. "सगळं सुनीताबाईंनीच बघायचं का?" म्हणायची.

जास्वंद:
पण सुनीताबाईंनी प्रेमही तितकंच लिहिलंय की! परत वाचा म्हणावं आईंना.

मनीमाऊ:
वाचलं नंतर. मग 'अंतू बर्वा' परत सुरू झाला :)

कोपरीचा दादा:
मी आवडत नसलेल्यांची पुस्तकं वाचनालयातून आणतो, विकत घेत नाही. आमचं ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, सगळं मिळतं.
पुस्तकाचं सांगतो. सेलोटेप अजिबात लावू नका, पिवळी पडून कागद खाते. मैद्याची खळ करा, चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणजे कसर लागणार नाही. पाठीला सुती कापडाची पट्टी. माझे वडील बाइंडर होते.

नौपाडेकरीण:
दादा, मोरचूद कुठे मिळेल?

कोपरीचा दादा:
स्टेशनकडे जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात विचारा. विषारी असतं, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. रात्रभर वजनाखाली ठेवा, पंख्याखाली नको.

ऐरोलीकर:
घरी पोचलो. लिहायला बसलो होतो, पण माझ्याकडचा किस्सा फारच किरकोळ वाटतोय आता. ताई, ती आवडती कथा कशाबद्दल आहे?

नौपाडेकरीण:
एक म्हातारा पोस्टमन. पत्ता खोडलेलं पत्र घेऊन गावभर फिरतो, कुणी दार उघडत नाही. तो कुणावरही चिडत नाही.
दादा, खळ लावून झाली. वर पाटा-वरवंटा ठेवलाय. पासाचा तुकडा त्याच पानात आहे.