ॲट्राझिन मारलेल्या रानात सोयाबीन करपतंय, जिवाणूंची बाटली सोडू का?

शिरोळचं_रान: राम राम मंडळी. उन्हाळी मक्याला तणासाठी ॲट्राझिन मारलं होतं. त्यावर जूनमध्ये सोयाबीन टोकलं. आता खालची पानं कडेनं पिवळी पडून करपाय लागलीत. बांधाकडच्या पट्ट्यात भाजीपाला होता, तिथं हे औषध नव्हतं, तिथलं सोयाबीन हिरवंगार हाय. दुकानदार म्हणतोय, जिवाणूंची बाटली पाण्यातनं सोडा, औषध खाऊन टाकतील. खरंच खातात का?

मातीची_लेक: दादा, खातात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, माझा जीव या विषयात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्यूडोमोनास कुळातल्या ‘एडीपी’ नावाच्या जिवाणूबद्दल अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये लिहिलं. तो मिळाला तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीत. ॲट्राझिनच्या रेणूत नत्राचे ५ अणू असतात, त्यासाठी तो रेणू फोडतो. पहिल्या घावातच क्लोरीन सुटतो, आणि जे उरतं त्यानं तण मरत नाही.

पण घोडं पेंड खातं ते नत्रापाशीच. मक्याला युरिया भरपूर दिला असेल, तर जिवाणूला आयतं नत्र मिळतं आणि ॲट्राझिन फोडायचं काम मंदावू शकतं. त्यात शिरोळकडची बरीच रानं क्षारपड, सामू (पीएच) चढा. अशा जमिनीत हे औषध मुळातच जास्त टिकतं. ओल नसली की जिवाणूंचंही काम मंदावतं. बाटलीवर कुठला जिवाणू आहे आणि तो कशावर चालतो हे छापलेलं नसेल, तर पैसे घालू नका. कोळपणी करा, ओल धरून ठेवा.

कागलकर: ताई, पोटॅश कमी पडलं तरी खालच्याच पानांच्या कडा पिवळ्या होतात की. लोह कमी असतं तर शेंडा पिवळा झाला असता.

मातीची_लेक: बरोबर बोललात. दादा, दोन्ही पट्ट्यांतली माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरा, दोन्हींत काकडी लावा आणि पोटॅश सारखंच द्या. दोन-तीन आठवड्यांत मक्याच्या मातीतलीच काकडी करपली, तर औषधाचाच अंश समजा. मग त्या तुकड्यात पुढं शाळू घ्या. शाळू, मका, ऊस यांना ॲट्राझिन सोसतं.

शिरोळचं_रान: आजच भरतो कुंड्या. युरियाचं पोतं आणून ठेवलंय, ते टाकू का?

मातीची_लेक: नको, थांबा. एक रोप मुळासकट उपटून गाठी चिरून बघा. आतून गुलाबी असल्या, तर सोयाबीन हवेतलं नत्र घेतंय.